जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला शब्दकोश कसा सोडवायचा

सांगली जिल्ह्यातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर आठ-नऊ वर्षं खपून त्यांनी आपल्या भागातल्या शेतीच्या शब्दांचा कोश तयार केला. औताचे भाग, मोटेचे भाग, बैलांचे रंग, पावसाची नावं, असं बरंच काही त्यात आहे. तालुक्याच्या गावी एका अक्षरजुळणीवाल्याकडून तो टाइप करून घेतला. पुस्तक निघायच्या आत वडील गेले, पुढे ते दुकानही बंद झालं. आज ताईंकडे सहा फ्लॉपी, दोन सीडी आणि लेझर प्रिंटचा एक गठ्ठा आहे, त्यातली मधली पानं गहाळ. सीडीवरच्या फायली उघडल्या की इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. त्या विचारतात: फायली खराब झाल्या का? सगळं नव्याने टाइप करावं लागेल का? की एआयला सांगितलं की काम होईल?

ताई, तुम्ही वर्णन केलंय ती गिचमिड खराब झालेल्या फायलीची नाही. खराब फाइल उघडतच नाही, किंवा अर्ध्यात तुटते. तुम्हाला सलग इंग्रजी अक्षरं दिसतात, मध्ये नीट मोकळ्या जागा दिसतात, परिच्छेद दिसतात, म्हणजे वडिलांचा मजकूर जागेवर आहे. तो कोणत्या फॉन्टच्या डोळ्यांनी बघायचा हे तुमच्या संगणकाला माहीत नाही, एवढंच. मी १९९५ पासून पुण्यात अक्षरजुळणी केली आणि गेली पंधरा-सोळा वर्षं मुख्यतः असा अडकलेला मजकूर सोडवण्याचंच काम करतो. तुमचं काम होण्यासारखं आहे. पुन्हा टाइप करायला कोणाला देऊ नका.

पण आधी त्या फ्लॉपींना हात लावू नका. सुरुवात सीडींपासून करा. लिहिता येणाऱ्या सीडीवर माहिती रंगद्रव्याच्या एका पातळ थरात असते. लेझरने त्या थरात खुणा केलेल्या असतात. ऊन आणि दमटपणा लागला की तो थर हळूहळू उतरतो. चकचकीत परावर्तक थर लेबलच्या बाजूला, वार्निशच्या अगदी पातळ पापुद्र्याखाली असतो, म्हणून वर चिकटवलेला कागद असेल तर तो सोलू नका. सोलताना थर निघून आला तर ती सीडी कायमची गेली. मऊ सुती कापडाने मधून बाहेर पुसायची, गोल गोल नाही. मग सगळ्या फायली जशाच्या तशा एका फोल्डरमध्ये उतरवा आणि त्या फोल्डरला पुन्हा हात न लावता कामासाठी वेगळी प्रत करा.

सीडीवर सगळं सापडलं तर फ्लॉपींची गरजही पडणार नाही. पडलीच, तर यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतो. फ्लॉपी घालण्याआधी तिच्या कोपऱ्यातली छोटी पट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. धातूची झडप सरकवून आतल्या काळ्या चकतीवर पांढरे डाग दिसले तर ती बुरशी आहे. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, नाहीतर तीही जाईल आणि ड्राइव्हचं डोकंही घाण होऊन पुढची फ्लॉपी खरवडेल. आणि संगणकाने ‘फॉरमॅट करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण घाईत ‘हो’ दाबून गेलेला मजकूर मी पाहिला आहे.

आता ती गिचमिड म्हणजे काय ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

संगणक अक्षराचा आकार साठवत नाही, आकडा साठवतो. पडद्यावर कोणत्या आकड्याला कोणता आकार काढायचा हे फॉन्ट ठरवतो. त्या काळच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं असायची, त्यातलीही काही वापरता येत नसत. त्या घरांत इंग्रजी अक्षरांचे आकार बसवलेले होते. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी ते आकार काढून त्या जागी क, ख, काना, वेलांटी, अर्धी अक्षरं, रफार बसवले. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ टाइप केलं की फाइलीत इंग्रजी ई, जे, के, मोठ्या लिपीतला बी आणि एच एवढीच पाच अक्षरं बसतात. कृतिदेव लावला तर ‘मराठी’ दिसतं, काढला तर इंग्रजी दिसतं. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट नाही, म्हणून गिचमिड.

हे असं का झालं, याचं मला अजून वाईट वाटतं. योग्य रस्ता तेव्हाही होता. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्रज्ञान उभं राहिलं. मोहन तांबे यांचं त्यात मोठं काम आहे. पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने ते वाढवलं. इस्की नावाची प्रमाण संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात आकाराला नव्हे तर अक्षराला आकडा दिला होता. ‘क’ म्हणजे ‘क’, मग तो कसाही दिसो. त्याच साली आलेल्या युनिकोडने, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी केलेल्या एकाच संकेतावलीने, देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. म्हणजे आज जगभर फोनवर जी देवनागरी चालते, तिचा पाया आपल्याकडचा आहे.

पण छापखान्याला उद्या सकाळी अंक हवा होता. पानं लावायच्या पेजमेकर या प्रोग्रॅममध्ये सुंदर दिसेल, ट्रेसिंग पेपरवर काळंभोर उमटेल, प्लेट चांगली येईल, तोच फॉन्ट चालला. श्रीलिपी, योगेश, सुरेख, कृतिदेव, शिवाजी, ज्याची त्याची घरं वेगळी. कागद हेच मजकुराचं शेवटचं ठिकाण, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. पंचवीस वर्षांनी कोणी त्यात शब्द शोधू पाहील, हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह युनिकोड देवनागरी आली, तरी एक्सपीवरसुद्धा ती चालू करायला सीडी घालून वेगळी सोय बसवावी लागे. त्यामुळे आमच्यासारख्या दुकानांत जुनंच चालू राहिलं. नव्वदच्या दशकापासून पुढच्या दीड-दोन दशकांचं किती मराठी लिखाण असं कुलूपबंद पडलं आहे, याचा विचार केला की मला पेशवे दफ्तरातले मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आठवतात. फरक एवढाच की मोडी शिकता येते. २०१४ मध्ये तर मोडीला युनिकोडमध्ये स्वतःची जागाही मिळाली. तुमच्या फायलींना मात्र नेमका तो एक फॉन्टच लागतो.

म्हणून पहिलं काम: फॉन्टचं नाव शोधा. वर्डची फाइल असेल तर मजकुरावर क्लिक करून वरच्या पट्टीत नाव वाचा. फॉन्ट संगणकावर नसला तरी फाइलीत नाव लिहिलेलं असतं. पेजमेकरची फाइल असेल तर लिब्रेऑफिस किंवा स्क्रायबस वापरून बघा. दोन्ही मोफत आहेत आणि पेजमेकरच्या फायली बऱ्याच अंशी उघडतात. इनडिझाइन या पानं लावायच्याच दुसऱ्या प्रोग्रॅमची सीएस६ ही पेजमेकरच्या फायली उघडणारी शेवटची आवृत्ती. एखाद्या जुन्या प्रेसमध्ये ती किंवा पेजमेकरच असलेला संगणक सापडला तर उत्तम. तिथून मजकूर आरटीएफ स्वरूपात बाहेर काढा, साध्या टेक्स्टमध्ये नाही. आरटीएफमध्ये कोणता तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे टिकतं. तुमच्या वडिलांनी पिकांची शास्त्रीय नावं रोमन लिपीत दिली असतील, तर साध्या टेक्स्टमधून रूपांतर करताना तीही मराठी समजून उलटवली जातात आणि मग ओळखू येत नाहीत.

वर्डमध्ये काही उघडलंत तर आपोआप दुरुस्तीची सोय सगळ्यात आधी बंद करा. वर्ड वाक्याचं पहिलं इंग्रजी अक्षर मोठं करतो. कृतिदेवमध्ये लहान ई म्हणजे पूर्ण म आणि मोठा ई म्हणजे अर्धा म. ‘मराठी’चं ‘म्राठी’ होतं आणि ते कोणी केलं हे नंतर कळत नाही. हा मजकूर ईमेलच्या किंवा व्हॉट्सॲपच्या चौकटीत चिकटवून कोणाला पाठवायचाही नाही. त्या २५६ पैकी वरच्या घरांतली चिन्हं वाटेत प्रश्नचिन्हं होऊन जातात. प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर परत आणायचा कोणताच उपाय नाही. फाइल म्हणूनच पाठवा, झिप करून.

फॉन्ट कळला की रूपांतर करणारी साधनं मिळतात. कृतिदेव, योगेश, शिवाजी यांसाठी मोफतही आहेत. नेमक्या तुमच्या फॉन्टसाठी नसेल तर तुमच्याकडची लेझर प्रिंट ही सोन्यासारखी वस्तू आहे. छापील पान डावीकडे, गिचमिड उजवीकडे ठेवून ‘हे इंग्रजी चिन्ह म्हणजे हे मराठी चिन्ह’ असा तक्ता करत जायचं. गुप्तलेखन उलगडण्याचाच हा प्रकार, फक्त उत्तर आपल्या हातात आहे. काना, वेलांटी, अनुस्वार वारंवार येतात, ते पहिल्या दहा ओळींतच सुटतात. दीडशेएक चिन्हांचा तक्ता दोन दुपारी होतो, मग शे-दीडशे ओळींचा छोटा प्रोग्रॅम बाकीचं करतो. तुमच्या ओळखीत संगणक शिकणारा एखादा मुलगा-मुलगी असेल तर त्यांना हे द्या, मनापासून करतील.

नुसतं चिन्हाला चिन्ह बदलून मात्र भागत नाही. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठतो: न, ऱ्हस्व वेलांटी, र, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), म, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. आठ चिन्हं. जुन्या फॉन्टमध्ये तो दिसण्याच्या क्रमाने साठतो: आधी वेलांटी, मग न, पुन्हा वेलांटी, मग म, त्याच्यावर रफार, आणि मग ती. म्हणजे रूपांतर करणाऱ्याने ऱ्हस्व वेलांटी उचलून अक्षराच्या नंतर न्यायची आणि रफार उचलून अक्षराच्या आधी आणायचा. जोडाक्षर आलं की त्याची हद्द ओळखून. चुका होतात त्या याच ठिकाणी.

त्याखालोखाल दिसणारी चूक म्हणजे ओ. जुन्या फॉन्टमध्ये ओ काढायला अ, काना आणि मात्रा असं तीन तुकड्यांत टाइप करत. आंधळ्या रूपांतरात त्याचा ‘आ’ आणि वर वेगळी मात्रा होते. डोळ्यांना ते ओसारखंच दिसतं, पण ‘ओल’ शोधायला गेलात की सापडत नाही. ‘को’चंही तसंच, काना वेगळा आणि मात्रा वेगळी. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम असतो, ‘दुःख’मध्ये हमखास. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी अ वर अर्धचंद्र देऊन काम भागवत, दिसायला तेच, आकडे वेगळे. हे सगळं एकदा शोधा-बदला करून सारखं करून घ्यावं लागतं.

आणि आपला अर्धा र. तुमच्या कोशात तो जागोजागी असणार: वाऱ्या, दोऱ्या, पऱ्हाटी, कोऱ्या. काही रूपांतरकांना तो कळतच नाही, ते त्याचा रफार करून टाकतात. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. सह्याद्रीतल्या भटकंतीवरच्या एका पुस्तकाची जुन्या फॉन्टमधली फाइल मी अशीच सोडवली होती. मुद्रितं तपासताना माझ्या नजरेतून सुटलं आणि पुस्तकात दऱ्यांच्या जागी दर्या छापला गेला. शब्द दोन्ही खरे असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीसाने एकही खूण केली नाही. तेव्हापासून रफार असलेल्या प्रत्येक शब्दाची वेगळी यादी काढून मी ती डोळ्यांनी वाचतो. तुम्हीही वाचा.

गहाळ पानं फायलींत आहेत की नाहीत ते आता कळेल. उलट प्रिंटमध्ये आहेत पण फायलींत नाहीत अशी पानं निघाली, तर ती ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसरॅक्टसारख्या मोफत साधनाने वाचून घेता येतात. टेसरॅक्टला मराठी येतं. स्वच्छ लेझर प्रिंटवर काम बरं करतं, फिकट झेरॉक्सवर कष्ट वाढतात.

आता एआयचं. मी ते रोज वापरतो आणि त्याच्या विरोधात नाही. तक्त्यावरून रूपांतराचा प्रोग्रॅम लिहून घ्यायला ते फार उपयोगी आहे. पण तुमच्या वडिलांचा मजकूर त्याला देऊन ‘हे शुद्ध मराठीत करून दे’ असं म्हणू नका. त्याला जे शब्द पुष्कळदा दिसलेले असतात, तिकडे ते झुकतं. मी एका अशाच नोंदींच्या पानावर करून पाहिलं. मोटेच्या खालच्या तोंडाला बांधायचा दोर, सोंदूर, त्याने ‘सुंदर’ करून टाकला. वाक्यही त्याला जुळेल असं वळवलं. वाचणाऱ्याला संशय येऊ नये इतकं ते सफाईदार होतं. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं, रुमणं, चाडं. असे शब्द फारसे कुठे छापलेले नाहीत, म्हणून तर वडिलांनी कोश केला. ज्या यंत्राला ते माहीत नाहीत त्याच्या हाती ते दुरुस्तीला द्यायचे नाहीत. तक्ता लावून केलेलं रूपांतर चुकतं तेव्हा एकाच पद्धतीने चुकतं, त्यामुळे चूक पकडता येते. एआयने केलेला बदल प्रत्येक पानावर वेगळा असतो.

कोश आहे म्हणून अजून एक. सगळं युनिकोडमध्ये आलं की अकारविल्हे लावायचा मोह होईल. त्याआधी प्रत्येक नोंदीला वडिलांच्या क्रमाने आकडा देऊन ठेवा. साध्या क्रमवारीत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, कारण युनिकोडमध्ये त्याची जागा तिथे आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर. ‘क्ष’ क मध्ये जातो, ‘ज्ञ’ ज मध्ये. शिवाय वडिलांनी मोटेचे शब्द एकत्र, औताचे एकत्र अशी मांडणी केली असेल तर तोही त्यांचा विचारच आहे. आकडा दिलेला असला की केव्हाही मूळ क्रमावर परत येता येतं.

साठवणुकीचं थोडक्यात सांगतो. चारशे पानं, पानाला अठराशे चिन्हं धरली आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात हे धरलं, तर अख्खा कोश दोन एमबीच्या थोडा वर जातो. फोनवरचा एखादा फोटो याहून मोठा असतो. त्यामुळे प्रती करताना हात आखडू नका. साधी टेक्स्ट फाइल हीच मूळ प्रत समजा, वर्ड आणि पीडीएफ तिच्यापासून केव्हाही बनतात. एक प्रत घरी, एक ऑनलाइन साठवणुकीत, एक परगावच्या भावंडाकडे. नुसत्या पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. त्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं न वापरता पडला तर तो भार झिरपतो. चांगल्या कागदावर छापून बांधलेली एक प्रत मात्र नक्की करा. कोश सर्वांना खुला करायचा की नाही हा हक्क तुम्हा वारसांचा आहे. लेखक गेल्यानंतर पहिल्यांदा प्रसिद्ध होणाऱ्या लिखाणावर तो प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. तुम्ही सगळ्यांनी लेखी संमती दिलीत तर मराठी विकिस्रोतासारख्या ठिकाणी तो मुक्त परवान्याने ठेवता येईल. माझं मत विचाराल तर ठेवा.

हे सगळं झाल्यावरही पन्नास-साठ शब्द उरतील, जिथे फाइल एक सांगते, प्रिंट दुसरं, आणि कोणता बरोबर ते तुम्हाला कळत नाही. ती यादी मोठ्या अक्षरांत छापून घ्या आणि तुमच्या गावात ज्यांनी तरुणपणी स्वतः मोट हाकली आहे अशा एखाद्या आजोबांकडे घेऊन जा. ‘हा शब्द बरोबर का’ असं विचारू नका, ते सौजन्याने हो म्हणतील. ‘मोटेचं पाणी जिथे पडतं त्याला काय म्हणता’ असं विचारा आणि त्यांना बोलू द्या. फोनवर आवाज टिपून घ्या. प्रत्येक शब्दाची वेगळी छोटी फाइल करा आणि फाइलीला वडिलांनी दिलेल्या नोंदीचाच आकडा द्या. आजोबांचा आवाज टिपण्याचं हे काम फ्लॉपींच्याही आधी, यादी तयार व्हायची वाट न बघता, करता आलं तर करा.